देवा, पाव

वालावलीत कोंबडा आरवतो, पण त्याच्या शब्दावर कुणी अंथरूण सोडत नाही. सकाळ होते ती पाववाल्याच्या भोंग्याने. सायकलच्या दांडीला बांधलेला रबरी फुगा तो चढणीवर एकदा दाबतो आणि तलावाच्या काठाला आला की पुन्हा एकदा. लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागून असलेला आमचा तलाव चांगला मोठा, पलीकडे डोंगर. तो आवाज पाण्यावरून जातो, डोंगराला आपटतो आणि परत येतो. त्यामुळे एकाच पाववाल्याचे दोन ऐकू येतात. गावात नवीन आलेल्या सुनेला पहिले आठ दिवस वाटतं, इथे धंद्यात चुरस फार आहे.

मी पाच पाव घेतो. दोन माझे, दोन हिचे आणि एक कुत्र्याचा. कुत्रा आपला पाव एका घासात संपवतो आणि मग माझ्या दोनांकडे बघत बसतो. दयेचा पाझर फुटावा म्हणून अशी नजर त्याला कुणी शिकवली, ठाऊक नाही.

आजीच्या हयातीत मात्र हा भोंगा आमच्या गडग्याच्या आत आला नाही. पाव म्हणजे बाट, हे तिचं साधं सूत्र होतं. पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी बायका पाणी भरून गेल्या, आणि दुपारपर्यंत अख्खा गाव किरिस्ताव झाला, ही गोष्ट तिने मला इतक्या वेळा सांगितली की लहानपणी मी विहिरीत डोकावताना आधी पाव शोधायचो, मग बेडूक. पुढे हीच गोष्ट मी गोव्यात ऐकली, वसईत ऐकली. गंमत अशी की विहीर नेहमी पलीकडच्या गावातली असते. ज्या गावात जावं तिथले लोक पुढे बोट दाखवतात.

इतिहास इतका सोपा नव्हता. गोव्यात 1560 मध्ये पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं, ते मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत उठलं नाही. त्या काळात माणसं सीमा ओलांडून आमच्या बाजूला आली, कुणी देव डोक्यावर घेऊन आले, कुणी क्रूस गळ्यात घालून. जबरदस्ती खरी होती, तिची जखमही खरी होती. पण लोकांच्या आठवणीत राहिला तो पाव. आपल्याकडे धर्म तोंडावाटे आत येतो आणि तोंडावाटेच बाहेर जातो, अशी लोकांची पक्की समजूत. तत्त्वज्ञान वगैरे नंतर, आधी जेवलास कुणाकडे ते सांग.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आंबा, फणस, माड, सगळ्यांवर कावळे बसलेले, पण खाली एक उतरेना. आजीची काय इच्छा राहिली, यावर नातेवाइकांची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, धाकट्या नातीचं लग्न करू म्हणून सांगा. सांगितलं. कुणी म्हणालं, पाणंदीच्या जमिनीचा वाद मिटवू म्हणा. तेही म्हणून झालं, अर्थात जरा हळू आवाजात, कारण वादातला दुसरा पक्ष शेजारीच उभा होता. शेवटी भटजी घड्याळ बघून म्हणाले, "दर्भाचो कावळो करूया." तेवढ्यात वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "जा, कोपऱ्यावरसून एक पाव घेऊन ये. आणि वायंच दूध."

मी बघतच राहिलो. वडिलांनी पाव कुस्करला, दुधात भिजवला आणि पिंडाच्या कडेला गुपचूप ठेवला. कावळा खाली आला. एक नाही, तीन आले.

कावळ्यांना दूधपाव आवडतोच, हे आज मला कळतं. पण त्या दिवशी परतताना वडिलांनी जे सांगितलं, त्याने माझ्या पायाखालची वाट जरा हलली.

वडील सात वर्षांचे असताना आजीला बाळंतपणानंतरचा ताप भरला. वैद्य झाले, देवाचे कौल झाले. ताप उतरेना तेव्हा आजोबांनी बैलगाडी जुंपली आणि तिला वेंगुर्ल्याच्या मिशनच्या इस्पितळात नेलं. त्या काळी रोग्याच्या नातेवाइकांनी आवारात तीन दगड मांडून आपलं आपण शिजवायचं, अशी रीत होती. आजोबांनी पेज शिजवली, आठ दिवस शिजवली. मग लावणीचे दिवस आले, आणि आजोबांना घरी परतावं लागलं. सात वर्षांच्या पोराला चूल पेटेना. तेव्हा तिथली एक नर्सबाई आजीला वाडग्यातून दुधात भिजवलेला पाव भरवू लागली. आजीने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "ह्यां काय?" नर्सबाई शहाणी होती. म्हणाली, "औषध."

औषधाला विटाळ नाही. आपल्या शास्त्राने ही पळवाट आधीच काढून ठेवली आहे: औषध म्हणजे गंगेचं पाणी आणि वैद्य म्हणजे साक्षात नारायण. आमच्या गावचा देवच नारायण. "दाक्तर नारायण, मगे गोरो असांदे," असं म्हणून आजीने तीन आठवडे औषध घेतलं. घरी परतल्यावर मात्र पाव पुन्हा बाट झाला. वडिलांना कुणाला न सांगण्याची शपथ घातलेली. ती त्यांनी दहाव्यापर्यंत पाळली.

तो गोरा डॉक्टर कोण, हे घरच्या गोष्टीत कधी आलं नाही. पण त्या काळी वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, मोठा होऊन 1957 पासून 1972 पर्यंत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत आला. वेंगुर्ल्यात जन्मून एवढं मोठं होता येतं, हे आम्ही शेजारच्या कुडाळ तालुक्यातले सहसा मान्य करत नाही. पण नोंद आहे, त्याला इलाज नाही.

ही सगळी हकीकत मी शिष्टरबायना सांगितली तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "दूध म्हशीचं होतं का गाईचं?"

शिष्टरबाय आमच्या वाडीच्या टोकाला राहतात. नाव आहे त्यांना, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत आहे. मूळच्या घाटावरच्या. मिरजेच्या मिशन इस्पितळात नर्सिंग शिकल्या. ते इस्पितळ वानलेस नावाच्या कॅनडाच्या सर्जनने 1894 मध्ये उभारलं आणि सांगलीच्या वाटेवरची वानलेसवाडी त्याच्याच नावाची. तिथून कोकणात नोकरीला उतरल्या त्या इथल्याच झाल्या. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेली, तरी वाडीत कुणाचं पोर पडलं तर पहिला धावा त्यांचाच. त्यांची भाषा म्हणजे कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि मालवणची सोलकढी एका पेल्यात. "जेवलासा का?" असा प्रश्न घाटावरून सुरू होतो आणि "मां?" असा कोकणात उतरतो.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. पोस्टमनला, तलाठ्याला, एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही विचारलेला. उमेदवार बावचळला. त्याला रस्ता, पाणी, वीज यांची उत्तरं पाठ होती.

माझी त्यांच्याशी दोस्ती वादावादीतून झाली. मला तरुणपणी वेदान्त चढलेला. देवाकडे काही मागणं हे मला गावंढळ वाटे, आणि त्यातून पोटाचं मागणं तर अगदीच. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते ऐकताना मी मान खाली घालून उभा राही. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे तोंडी सादर केलेला अर्ज. त्यात मुंबईला गेलेल्या झिलाच्या नोकरीपासून चेडवाच्या लग्नापर्यंत, गुरांच्या खुरकुतीपासून भाताच्या किडीपर्यंत सगळं येतं, आणि प्रत्येक कलमाला बाकीचे जण "व्हय म्हाराजा" म्हणून अनुमोदन देतात. ग्रामसभेपेक्षा इथे ठराव लवकर पास होतात. मला वाटायचं, जगाच्या मालकासमोर उभं राहून म्हशीच्या आटलेल्या दुधाचा विषय काढायचा? तो दुग्धविकास खात्याचा प्रश्न आहे. देवाकडे मागायचं तर मोक्ष मागावा.

हे एकदा मी शिष्टरबायना ऐटीत सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मोक्ष मिळाल्यावर भूक लागत न्हाई म्हनं?"

"नाही."

"आमच्या येशूला मेल्यावर बी लागली," त्या म्हणाल्या आणि एक खडा बाजूला टाकला.

मला वाटलं थट्टा करताहेत. घरी येऊन लूकचं शुभवर्तमान काढलं. शेवटच्याच अध्यायात आहे. क्रुसावर मेलेला गुरू तिसऱ्या दिवशी शिष्यांच्यात येऊन उभा राहतो. शिष्यांची बोबडी वळते, भूत आलं म्हणून. आता या क्षणी एखाद्या धर्मसंस्थापकाने काय बोलावं? मृत्यूचं रहस्य, विश्वाचा अर्थ, काहीतरी दगडावर कोरण्यासारखं. तो हातपाय दाखवतो आणि विचारतो, इथे खायला काही आहे का? ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो सगळ्यांसमोर खातो. मालवणी मुलखातल्या माणसाला याहून भक्कम पुरावा नको. भुतं मासे खातात अशी एकही कथा आमच्याकडे नाही; मासे मागतात अशा पुष्कळ आहेत, पण खात नाहीत.

मग मला छंदच लागला. शुभवर्तमानं चाळावीत आणि जेवणाच्या जागा शोधाव्यात. इतक्या सापडल्या की ग्रंथ धर्माचा की पंगतीचा असा प्रश्न पडावा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली जागा अगदी अर्ध्या ओळीची आहे. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरते. घरात आकांत. येशू आत जातो, तिचा हात धरतो, ऊठ म्हणतो, आणि ती उठून चालायला लागते. लोक आश्चर्याने वेडे व्हायचे बाकी राहतात. मार्क सांगतो, त्या गोंधळात येशूने दोन गोष्टी सांगितल्या: एक, हे कुणाला कळू देऊ नका. दोन, पोरीला काहीतरी खायला द्या.

"पेज दिली असंल," शिष्टरबाय म्हणाल्या. "तापातून उठलेल्याला एकदम भाकरी देत न्हाईत."

"तिथे पेज कुठली? गव्हाचा देश."

"मग रव्याची लापशी. पन पातळ." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. दोन हजार वर्षांच्या टीकाकारांनी या वाक्यावर काय लिहिलं असेल ते असो. पातळ की घट्ट, हा प्रश्न बहुधा नर्सलाच पडतो. मेलेलं माणूस जिवंत झालं याचं सगळ्यांना कौतुक, आणि ती पोर किती वेळ उपाशी आहे हे लक्षात एकट्याच्याच.

त्यांचा खरा हुकमी एक्का म्हणजे प्रभूची प्रार्थना. ख्रिस्ती घरातलं पोर बोलायला लागलं की शिकतं ती. त्यात आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, असं सगळं आकाशातलं येतं, आणि मग मध्येच, काही प्रस्तावना न करता, रोजचं जेवण मागितलेलं आहे. पापांची क्षमा त्याच्यानंतर. मी ही प्रार्थना शाळेपासून ऐकत होतो, क्रम कधी लक्षात आला नव्हता.

"आदी भाकर, मग क्षमा," शिष्टरबाय बोटं मोजत म्हणाल्या. "उपाशी मानसाला क्षमा सुचत न्हाई हो भाऊ. साखरेचा पेशंट जेवायला उशीर झाला की बायकोला कसा बोलतो, बघा की."

या जेवणासाठी मराठी बायबलात भाकर हा शब्द आहे आणि गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत गिरास, म्हणजे घास. घाटावरच्याला भाकर पुरते, कारण भाकर म्हटली की पिठलं, कांदा, ठेचा आपोआप आलेच. गोवेकराने घास मागितला, कशाचा ते देवाच्या रसिकतेवर सोडलं. मूळ ग्रीकमध्ये "रोजची" या अर्थी जो शब्द आहे तो इतर ग्रीक लिखाणात जवळपास सापडतच नाही. आजपुरती, उद्यासाठीची, जगण्याला लागेल तेवढी, असे त्याचे अर्थ पंडित लावत बसले आहेत. चौथ्या शतकात संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना हाच शब्द एका शुभवर्तमानात "रोजची" असा केला आणि दुसऱ्यात "पदार्थापलीकडची" असा काहीतरी आध्यात्मिक केला. मी हे शिष्टरबायना सांगितलं. त्यांनी विचार केला. "आजची ताटात, उद्याची पिठात. त्याच्यापुढची मागू नये, टोके पडतात."

आणि त्या रात्री मला आमचं गाऱ्हाणं आठवलं. मालवणी माणूस संकटात देवाला दोनच शब्दांत हाक मारतो: "देवा, पाव." पावणे म्हणजे प्रसन्न होणे. आणि पोर्तुगिजांनी आणलेला पाव म्हणजे पाव. भातावर पोट भरल्यासारखं न वाटणाऱ्या त्या लोकांसाठी सासष्टीतल्या माजोर्ड्यासारख्या गावांनी यीस्टऐवजी माडाची सुर घालून पीठ फुगवायला शिकून घेतलं, आणि तो पाव सायकलवर बसून आमच्यापर्यंत आला. म्हणजे येशूच्या प्रार्थनेतली मधली ओळ आमचे पूर्वज पाव माहीत नसताना म्हणत होते. देवा, पाव. दुसऱ्या दिवशी शिष्टरबायना हा विनोद सांगितला तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबरच हाय की." विनोद सांगणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

या चर्चेत तिसरे तात्या. तात्या देवबागचे, जिथे आमची कर्ली नदी समुद्राला मिळते. तरुणपणी रापणीचं जाळं ओढलेलं, आता लेकीकडे वालावलीत राहतात. धर्माशी त्यांना कर्तव्य नाही, पण माशांचा विषय निघाला की ते खुर्ची पुढे ओढतात. मी त्यांना योहानाच्या शेवटच्या अध्यायातली गोष्ट सांगितली. शिष्य रात्रभर जाळं टाकतात, एक मासा मिळत नाही. पहाटे किनाऱ्यावरून एक माणूस सांगतो, उजव्या अंगाला टाका. टाकतात, तर जाळं ओढवत नाही. किनाऱ्यावर येऊन बघतात तर येशू. त्याने निखारे पेटवलेले, वर मासा भाजत ठेवलेला, बाजूला भाकर. म्हणतो, या, न्याहारी करा. मासे मोजले, 153 भरले, तरी जाळं फाटलं नाही.

"एकशेत्रेपन्न कशाक मोजले?" मी तात्यांना विचारलं, कारण यावर संत ऑगस्टिनने मोठं गणित केलेलं आहे: एकपासून सतरापर्यंतच्या आकड्यांची बेरीज 153 येते म्हणून.

"वाटे घालूक," तात्या म्हणाले. "मोजल्याशिवाय वाटे कशे पडतले? दोरयेक हात लावणाऱ्या परत्येकाचो वाटो." मग त्यांना शंका आली. "पण मासो खंयचो?"

"गालीलच्या तळ्यातलो."

"तळ्यातलो? म्हणजे गोड्या पाण्यातलो?"

मला कबूल करावं लागलं. गालीलचा "समुद्र" म्हणतात तो साधारण 21 किलोमीटर लांबीचा गोड्या पाण्याचा तलाव. तिथला जो मासा आज येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाने प्रसिद्ध आहे, तो घाटावरच्या धरणांत चिलापी म्हणून मिळणाऱ्या जातीचाच भाऊबंद. तात्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून पाच हजारांना जेवण घालण्याच्या गोष्टीत त्यांना चमत्कार दिसतो तो वेगळाच: पाच हजार माणसांनी गोड्या पाण्यातला मासा खाल्ला आणि एकाने नाव ठेवलं नाही.

त्या गोष्टीत मला स्वतःला गंमत वाटते ती हिशेबाची. दिवस कलला, रान ओसाड, माणसं भुकेली. शिष्य म्हणतात, यांना पाठवून द्या, आसपासच्या वाड्यांवर जाऊन विकत घेऊन खातील. येशू म्हणतो, तुम्हीच द्या की यांना खायला. यावर शिष्यांनी जगातल्या प्रत्येक समितीने केलं असतं तेच केलं, अंदाजपत्रक मांडलं. दोनशे दिनार लागतील. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मग एका पोराच्या शिदोरीत पाच भाकरी आणि दोन मासे निघाले. लोकांना पन्नास-पन्नासच्या, शंभर-शंभरच्या ओळींनी हिरव्या गवतावर बसवलं. म्हणजे सरळ आपली पंगत. मत्तय सांगतो की पाच हजार हा आकडा बायका-मुलं सोडून. हे वाचून शिष्टरबाय चिडतात. "पोरं मोजलीच न्हाईत! ह्येंनी कधी सयपाक केला होता का?" जेवणं झाल्यावर येशूने तुकडे गोळा करायला लावले, काही फुकट जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. चमत्काराने अन्न वाढवणारा माणूस शिळं जपून ठेवायला सांगतो, यावर आमच्या कोकणातल्या बायकांचा तत्काळ विश्वास बसेल. आमच्या कृष्णाने द्रौपदीच्या घासून ठेवलेल्या थाळीतलं भाजीचं पान शोधून खाल्लं होतं, तो याच जातीचा.

"तुम्हीच द्या" हे वाक्य मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ते ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्या हातून काय काय झालं, याची मराठी मुलखात मोठी यादी आहे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली उचलल्या आणि केडगावला आणल्या. तिथे मुक्ती मिशनमध्ये गाई-म्हशी होत्या, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आणि त्याच रमाबाई रात्री हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसत. ते 1924 मध्ये, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी छापून आलं. दिवसा शेकडो तोंडांचं धान्य मोजायचं आणि रात्री भाकर या शब्दाला काय म्हणावं याचा खल करायचा. माझ्या मते त्या भाषांतराला धान्याच्या कोठाराचा वास येत असणार. आणि रेव्हरंड टिळक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, आमच्याच कोकणातले; वाटेत कुणी गरजू भेटला की त्यांच्या हातातला पैसा तिकडे जाई. पुण्य त्यांचं, रिकामा डबा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. देवाची दया घरातल्या बाईच्या डब्यातून जाते, हे त्यांचं आत्मचरित्र "स्मृतिचित्रे" वाचताना पानोपानी जाणवतं, आणि लक्ष्मीबाई ते हसत सांगतात म्हणून जास्तच.

एकदा मी शिष्टरबायना नको तो प्रश्न विचारला. पावसाचे दिवस होते, वीज गेलेली, दोघेही जरा बोलके झालो होतो. म्हटलं, देवाला जर पोटाची एवढी काळजी, तर दुष्काळात माणसं मेली ती प्रार्थना न करता मेली का?

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वार्डात एक पोर होतं. चार वर्सांचं. कुपोषण. मी सांजच्याला पेज घेऊन गेले, तर खाट रिकामी. त्या रात्री मी प्रार्थना क्येली न्हाई. भांडन क्येलं." कंदिलाची वात त्यांनी जरा खाली केली. "सकाळी पेज पुन्हा शिजवली. शेजारच्या खाटेवर दुसरं होतं."

पाऊस जोरात होता. मी उत्तराची वाट बघत राहिलो, तर त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलासा का?" आणि खरंच, मी जेवलो नव्हतो.

त्यांच्या घरी जेवणं हा एक शिकवणीचा वर्ग आहे. ताट वाढून झालं की त्या डोळे मिटतात आणि उपकारस्तुती करतात. ती लांबीने कमी-जास्त असते. आमटी असली तर थोडक्यात, मासे असले तर त्याहून थोडक्यात, कारण तळलेला बांगडा गार होऊ देणं त्यांना पाप वाटतं. मी दरवेळी विसरतो आणि हात आधीच ताटात गेलेला असतो. मग भाताचा घास हातात धरून, तोंड अर्धवट उघडं ठेवून मी देवाचे आभार ऐकतो. त्यांच्या प्रार्थनेत तांदूळ पिकवणारा येतो, मासे आणणारी बाई येते, गॅस सिलिंडर वेळेवर आणून देणारा पोरगा येतो. एकदा मी विचारलं, सिलिंडरवाल्याचं नाव देवाला कशाला? म्हणाल्या, "मग कुनाला सांगू? एजन्सीला सांगून बघितलं."

नाताळात त्या करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या करतात आणि वाडीभर वाटतात. घाटावरच्या ख्रिस्ती घरांत दिवाळीचा फराळ असा डिसेंबरात होतो. त्यामुळे आमच्या वाडीला वर्षातून दोन दिवाळ्या, आणि गणपतीत त्यांच्याकडे जाणारे मोदक हा परतावा. तात्या करंज्या खाताना दरवर्षी विचारतात, "शिष्टरबाय, तुमच्या देवान ह्या सगळा खाल्ल्यान असता?" आणि त्या दरवर्षी सांगतात, "त्याला लोक खादाड म्हनायचे, वाचा की." हे खरं आहे. मत्तयात आणि लूकमध्ये लोकांनी येशूला खादाड आणि दारुडा म्हटल्याची नोंद आहे. पहिल्या चमत्कारात त्याने लग्नघरची लाज राखायला सहा दगडी रांजण पाण्याचा द्राक्षारस केला होता, तेव्हा नाव पडणारच. तात्यांना हे कळल्यापासून त्यांचा ख्रिस्ती धर्माबद्दलचा आदर वाढला आहे.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी भोंगा वाजला, दोनदा वाजला, मी पाच पाव घेतले. विहिरीच्या कठड्यावर बशी ठेवली आणि कुत्र्याला हाक मारायला वळलो. तेवढ्यात माडावरून कावळा उतरला, त्याने एक पाव उचलला, कठड्यावर क्षणभर तोल सावरला, आणि पाव सुटून सरळ विहिरीत.

मी वाकून बघितलं. खाली काळं पाणी, त्यात आभाळाचा तुकडा, आणि मधोमध पाव तरंगतोय. बेडूक बाजूला सरकलेला. इतकी वर्षं मी जे शोधत होतो ते शेवटी सापडलं, आणि तेही पलीकडच्या गावात नाही, माझ्याच घरी. मी इकडेतिकडे पाहिलं. गडग्यापलीकडे कुणी नव्हतं. कावळा वर माडावर बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता. आजीचाच भाव होता तो, शपथेवर सांगतो.

इतक्यात गडग्याच्या वाटेने शिष्टरबाय आल्या. हातात झाकलेलं पातेलं, काल रात्री मला जरा कणकण होती हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. पेज होती. त्यांनी पातेलं ठेवलं, पदराने घाम पुसला.

"लई तहान लागली बघा. वायंच पानी द्या हो भाऊ, ताजं काढून."

मी म्हटलं, आतून फ्रिजचं आणतो.

"फ्रिजचं नको. हिरीचं द्या."

मी कळशीला दोर बांधला आणि पावाला एका अंगाला सारत, हळूच, आत सोडली.